पुढे काय झालं?

"आजी, दवाखाना कसा आहे?"

"बरा हाय की."

पहिल्या आठवड्यात ताईंच्या वहीची पानंच्या पानं अशा 'बरा हाय'नं भरली. वाडीवरच्या म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं, लेकुरवाळ्या बायांनीही तेच. मग एका दुपारी तीच आजी विहिरीवर भेटली. गुडघेदुखीचं बोलणं निघालं तेव्हा सहज म्हणाली, सुईला पन्नास रुपये लागतात म्हणून दोनदा जायच्या ठिकाणी मी एकदाच जाते. ताई थबकल्या. सरकारी दवाखान्यात सुईचे पैसे कुणी घ्यायचे नसतात, एवढं त्यांना प्रशिक्षणात कळलं होतं.

"अहो आजी, मग परवा का नाही सांगितलं?"

"तू पैशाचं कुठं इचारलंस? तू इचारलंस दवाखाना कसा हाय."

त्या रात्री ताईंनी प्रश्न नव्याने लिहून काढले. मागच्या वेळी दवाखान्यात गेलात तेव्हा किती वाजले होते? खुर्चीवर डॉक्टर होते का? तपासलं की नुसतं विचारून गोळ्या दिल्या? कोणतं औषध तिथेच मिळालं, कोणतं बाहेरच्या मेडिकलमधून आणायला लागलं? कुणाला पैसे दिले का, आणि त्याची पावती मिळाली का? 'कसा आहे' असं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. कारण दवाखाना कसा आहे हे विचारलं की माणूस दवाखान्याची अब्रू सांभाळतो. आपल्याच मुलखातला दवाखाना, उद्या तिथेच जायचंय. काय घडलं ते विचारलं की मात्र जे घडलं ते सांगतो.

बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या, दहावी झालेल्या ताईंच्या वाट्याला हे काम कसं आलं, त्याला थोडा मागचा इतिहास आहे. 2004 मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं जन स्वास्थ्य अभियानाच्या सोबतीनं आरोग्यसेवेच्या हक्कावर देशात विभागवार जनसुनवाया घेतल्या. सरकारी दवाखान्यातून परत पाठवलेली माणसं तिथे अधिकाऱ्यांसमोर बोलली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. दवाखान्यांवर नजर फक्त वरच्या साहेबांनी ठेवायची नाही, गावानंही ठेवायची, असं त्याच्या आराखड्यातच लिहिलं होतं. 2007 पासून नऊ राज्यांत त्याचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निवडले गेले. जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं, प्रत्येक केंद्रामागे पाच गावं. म्हणजे एकूण 225 गावं. राज्याच्या समन्वयाचं काम पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होतं. 'लोकाधारित देखरेख व नियोजन' हे त्याचं कागदावरचं नाव. गावात नुसतं 'देखरेख' म्हणत, आणि ताई वही घेऊन फिरत होत्या ते याच कामासाठी.

महाराष्ट्राला ही कल्पना अगदीच परकी नव्हती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केलं, त्यात पुढे गावातल्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायांच्या हाती आरोग्याचं काम दिलं होतं. पण तिथे बाई सेवा देणारी झाली. इथे तिनं सेवा घेणाऱ्याच्या बाजूनं बोलायचं होतं, आणि तेही सरकारी कचेरीत, सरकारी खुर्चीसमोर. ही गोष्ट वेगळी आणि माझ्या मते जास्त अवघड.

आरोग्य केंद्राच्या समितीची पहिली बैठक ताईंना अजून जशीच्या तशी आठवते. केंद्राच्या मागच्या खोलीत लसींच्या फ्रिजशेजारी खुर्च्या मांडल्या होत्या. वैद्यकीय अधिकारी, पंचायत समितीचे सदस्य, आरोग्य सहायिका, दोन गावचे सरपंच. ताई आणि दुसऱ्या वाडीचे एक काका दाराजवळ बसले. चहा झाला, उपस्थितीच्या वहीवर सह्या झाल्या, मागचं इतिवृत्त वाचून कायम झालं. मग अखर्चित निधी, लेखापरीक्षण, उद्दिष्टपूर्तीची टक्केवारी. भाषा मराठीच होती, तरी ताईंना त्यातला निम्मा भाग कळला नाही. रुग्णांच्या अडचणी हा विषय अजेंड्यावर नव्हताच. शेवटी 'आयत्या वेळचे विषय' आले तेव्हा एसटीची वेळ झाली म्हणून दोघे सरपंच उठले होते.

ताई बोलल्या, पण बोलल्या ते कडीबद्दल.

बाळंतिणींच्या खोलीला लागून असलेल्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. तपासणीच्या दिवशी लांबच्या वाड्यांवरून चालत येणाऱ्या गरोदर बाया सकाळपासून पाणी पीत नसत. पाणी प्यायलं की जावं लागणार आणि जायला दार लागत नाही. ताईंना हे चार वेगवेगळ्या बायांनी, एकमेकींना ठाऊक नसताना सांगितलं होतं. उन्हाळ्यातल्या तपासणीच्या दिवशी त्यातली एक रांगेत भोवळ येऊन पडली. तिच्या केसपेपरवर अशक्तपणा असं लिहिलं गेलं, लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. दाराला कडी नाही, हे केसपेपरवर कुठे लिहिणार?

वैद्यकीय अधिकारी तरुण होते, मराठवाड्यातून आलेले, नोकरीचं दुसरंच वर्ष. ते गप्प झाले. मग उठून स्वतः जाऊन दार बघून आले. तो संडास त्यांनी कधी वापरलेला नव्हता, वापरायचं कारणही नव्हतं. त्या काळात प्रत्येक आरोग्य केंद्राला वर्षाला पंचवीस हजारांचा अबंधित निधी, पन्नास हजार देखभालीचे आणि रुग्ण कल्याण समितीचे एक लाख मिळत. त्या पैशातून आधी दर्शनी भिंत रंगवायचं ठरत होतं. आठ दिवसांत कडी लागली, आत बल्ब लागला आणि रांगेच्या टोकाला पाण्याचा माठ आला. एवढ्याशा कामाला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता, कारण ज्यांना ते दार रोज लावावं लागत होतं त्यातलं कुणी त्या खोलीत बसलेलं नव्हतं.

रुग्णाची नजर ही अशी असते. अधिकारी दवाखाना तपासतात तेव्हा नोंदवह्या, औषधसाठा, यंत्रं पाहतात, आणि ते पाहायलाच हवं. रुग्णाला एसटी दिसते. डोंगरातून येणारी पहिली गाडी दवाखान्यात माणूस पोचवते तेव्हा सकाळची ओपीडी आटपत आलेली असते आणि केसपेपरची खिडकी बंद होते. ताईंनी तीन आठवडे नोंद ठेवली: गाडीतून किती रुग्ण उतरले, किती जणांना केसपेपर मिळाला, किती जण तसेच परतले. आकडे छोटेच होते, पण तारीखवार होते. खिडकी तासभर जास्त उघडी ठेवायचं ठरलं. शिपाईमामांना ते रुचलं नाही, कारण त्यांचं जेवण लांबत होतं. शेवटी त्यांची आणि परिचरबाईंची आळीपाळी लावून मार्ग निघाला. ज्याला गैरसोय सोसावी लागणार त्याला विचारल्याशिवाय केलेली सुधारणा महिनाभरसुद्धा टिकत नाही, हे ताई तिथे शिकल्या.

देखरेखीतलं सर्वांत बोलकं साधन होतं रंगीत तक्ता. गावातल्या मुलाखतींवरून प्रत्येक सेवेला रंग द्यायचा: चांगली असेल तर हिरवा, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. लसीकरण, आरोग्यसेविकेची भेट, औषधं, कर्मचाऱ्यांची वागणूक, अंगणवाडी. हा तक्ता चावडीवर टांगायचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही लाल रंग कळतो. पहिल्या वर्षी 'औषधं' लाल झालं आणि डॉक्टरांना ते फार लागलं. "ताई, मी रात्री दोनला उठून बाळंतपण करतो आणि तुम्ही मला लाल रंग देता?" त्यांचं चुकलं नव्हतं. चावडीवरच्या कागदावर 'औषधं मिळत नाहीत' एवढंच दिसत होतं, ती का मिळत नाहीत ते दिसत नव्हतं.

ताई दुसऱ्या दिवशी औषधभांडारात जाऊन बसल्या. औषधनिर्माण अधिकाऱ्यांनी मागणीपत्रांची फाईलच समोर ठेवली. मागितलेलं किती, आलेलं किती, किती महिन्यांनी आलं. काही औषधं मागणीच्या निम्म्यानंसुद्धा आली नव्हती, आणि ज्याची गरज नव्हती अशा एकाचे खोके मुदत संपायला टेकले होते. तामिळनाडूनं 1994 मध्येच औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. तिथे प्रत्येक दवाखान्याकडे पासबुक असतं आणि त्याच्या रकमेत काय उचलायचं ते दवाखाना ठरवतो. आपल्याकडे तशी व्यवस्था व्हावी ही मागणी लोकसंघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरली. खरेदीचं काम 2017 मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेलं आणि वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा व्हायला 2023 साल उजाडलं. ताईंच्या त्या दुपारी यातलं काहीच नव्हतं. त्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून जिल्ह्याला पत्र लिहिलं. खाली दोघांच्या सह्या. डॉक्टरांच्या एकट्याच्या सहीची पत्रं त्या फाईलीत आधीपासून होती. गावाची सही त्यावर पहिल्यांदाच आली होती.

पुढच्या वर्षीच्या तक्त्यावर लाल रंगाखाली एक ओळ वाढली: मागणी केली, पुरवठा कमी आला.

आता एक गोष्ट ताई स्वतःहून सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली जातो. एका बैठकीत, बायांना नीट माहिती दिली जात नाही हा मुद्दा ठसवायचा म्हणून त्यांनी एका बाईचा अनुभव सांगितला. नाव घेतलं नाही. पण वाडी सांगितली, मुलं किती ते सांगितलं आणि तांबी काढायला ती किती वेळा आली तेही सांगितलं. तेवढं पुरलं. खोलीत बसलेल्या एकानं घरी जाऊन बोलून टाकलं. तिनं तांबी बसवली होती हे नवऱ्याला माहीत नव्हतं. ती बाई महिनाभर ताईंशी बोलली नाही. पुढे बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "माझं दुखणं मी तुम्हाला दिलं होतं, सभेला नव्हतं दिलं."

तेव्हापासून ताईंच्या वहीत नाव नाही, वाडी नाही. कुणाचा अनुभव बाहेर बोलायचा असेल तर आधी तिच्याकडे जायचं, काय बोलणार ते शब्दाशब्दानं सांगायचं, आणि ती नको म्हणाली तर तो मुद्दा कितीही वजनदार असला तरी सोडून द्यायचा. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत गोपनीयतेवर एक परिच्छेद होता, ताईंनी तो वाचलाही होता. पण रुग्णांच्या वतीनं बोलणाऱ्याच्या हातात किती मोठी गोष्ट असते, ते त्यांना त्या महिनाभराच्या अबोल्यानं कळलं.

जनसुनवाईच्या दिवशी याची खरी परीक्षा असे. शाळेचा हॉल, समोर टेबलाला तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषदेचे सदस्य, बाहेरून आलेले पंच आणि खाली सतरंजीवर दोन-तीनशे माणसं. माइक हातात आला की बाई गडबडते. एकदा एका सासूबाईंनी सुनेच्या बाळंतपणाला जीपचे आठशे रुपये दिल्याचं सांगितलं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम जून 2011 पासून सुरू झालेला होता; नेणं-आणणं, औषधं, जेवण, सगळं मोफत. अधिकाऱ्यांनी विचारलं, गाडीसाठी फोन केला होता का? सासूबाई म्हणाल्या, फोन लावायला आमच्या वाडीत रेंज नाही, डोंगरावर चढायला लागतं, रात्री कोण चढणार? हॉलमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही. योजना होती, गाडी होती, चालकही होता. मधला डोंगर फक्त त्या सासूबाईंना माहीत होता. वाडीतल्या एका जीपवाल्याशी आधीच ठरवून ठेवायचं आणि त्याचं भाडं केंद्रानं द्यायचं, असा तोडगा तिथेच मान्य झाला. पहिलं भाडं त्याच्या हातात पडायला चार महिने लागले, तरी पडलं.

सगळ्याच सुनवाया अशा सरळ झाल्या नाहीत. एका बाईनं वागणुकीची तक्रार केली. पुढच्या खेपेला तिला केसपेपर काढताना ऐकावं लागलं, "जा की आता तुझ्या ताईकडेच." तक्रार करणाऱ्याला त्याच दारात पुन्हा उभं राहायचं असतं, दुसरं दार वीस मैलांवर. म्हणून ताई तक्रारदाराबरोबर पुढच्या वेळी स्वतः जाऊ लागल्या. भांडायला नव्हे, नुसतं बाकड्यावर बसायला. आशाताईंची अडचण तर आणखी नाजूक. गावातलं सर्वांत जास्त त्यांनाच माहीत असतं, पण त्यांच्या मोबदल्याचा कागद त्याच केंद्रातून पुढे जातो. त्या ताईंना वाटेत गाठून सांगत आणि सभेत मान खाली घालून बसत. त्यांना भित्रं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही, असं मला ठामपणे वाटतं.

या कामाला पगार नाही. भात लावणीच्या दिवसांत बैठक ठेवली तर कुणी येत नाही, कारण एक दिवस बैठक म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. प्रवासखर्चाची बिलं मार्चअखेरीला अडकतात. निधी आला की प्रक्रिया चालते, थांबला की मंदावते. ज्याचा सल्ला हवा आहे त्याचा दिवसही मोलाचा आहे, हे सरकारी अंदाजपत्रकात अजून नीट उमटलेलं नाही. 2020 च्या टाळेबंदीत सगळ्या बैठका बंद पडल्या. तेव्हा ताई आणि आणखी तिघे ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकाशी टेबल टाकून बसले. तपासणी कुठे, अहवाल कधी, आत ठेवलेल्या माणसाला डबा कसा पोचवायचा. आतल्या परिचारिकांना बाहेर यायला उसंत नव्हती आणि बाहेरच्या नातेवाइकांना आत जायला परवानगी नव्हती. एका सिस्टरनं फाटकातून ताईंना सांगायचं आणि ताईंनी नातेवाइकाला, असे कित्येक निरोप गेले. त्यात काही निरोप मरणाचेही होते.

कझाकस्तानातल्या अल्मा आटामध्ये 1978 साली मंजूर झालेल्या जाहीरनाम्यात, आरोग्यसेवेच्या आखणीत आणि अंमलबजावणीत सहभागी होणं हा लोकांचा हक्कही आहे आणि कर्तव्यही, असं म्हटलं आहे. ताईंनी प्रशिक्षणात ते ऐकलं तेव्हा त्यांना हक्कापेक्षा कर्तव्य हा शब्द लक्षात राहिला. मला मात्र वाटतं, यातला तिसरा शब्द लिहायचा राहून गेला: उत्तर. लोकांना विचारायचं, त्यांचं ऐकायचं, इतिवृत्तात घ्यायचं आणि मग काहीच न कळवणं, याची गावाला इतकी सवय झाली आहे की दुसऱ्यांदा विचारायला गेलं की माणूस पुन्हा 'बरा हाय'वर येतो. कडीचं सांगणाऱ्या चौघींपैकी एकीला कडी लागल्यावर ताई मुद्दाम सांगायला गेल्या. काही महिन्यांनी तिनंच बोलावून आणखी तीन गोष्टी सांगितल्या, आणि त्यातली एक उपकेंद्राला लागलेल्या कुलुपाची होती.

म्हणून ताईंच्या वहीत प्रत्येक पानावर उजवीकडे एक रकाना आखलेला असतो: 'पुढे काय झालं?' बाकी पानाची शाई निळी असली तरी तो रकाना ताई लाल पेनानं भरतात. कडी लागली. खिडकी तासभर वाढली. जीपचं भाडं मिळालं. सुईचे पैसे घेणं बंद झालं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद झालं. उपकेंद्राचं कुलूप आठवड्यातून तीन दिवस उघडतं.

आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रातही रुग्ण कल्याण समितीसारखी समिती असते. तिचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली आणि तिथे रुग्णांच्या बाजूनं कोण बोललं, हे कुणीही जाऊन विचारू शकतं. एकदा जाऊन विचारा. ताईंच्या केंद्रात गेल्या बैठकीला पहिला विषय रुग्णांच्या अडचणींचा होता. त्यात महिला डॉक्टरचं रिक्त पद आठव्यांदा मांडलं गेलं. त्याच्यासमोरचा रकाना अजून कोरा आहे.